दुसऱ्या दिवशीचं पान

३ तारीख, सोमवार

पिंप भरल्यावर मी नळ बंद केला, तरी थेंब पडतच राहिले, कारण नळाचा वायसर झिजला होता. हे दाढी करता करता आतून म्हणाले की रविवारी बसवतो. मग मी रात्रीची भांडी विसळली, ह्यांच्या कामाच्या शर्टाचं तिसरं बटण लावलं, दोरा दातांनी तोडला, डबा भरला. डब्याचं झाकण सैल झालं होतं म्हणून त्याला रबर लावलं. हे निघाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. रोज काही ना काही विसरायचे. त्या दिवशी चष्मा. "डोळे घरीच ठेवून निघालो होतो," म्हणाले आणि गेले. दुपारी कारखान्यातून फोन आला. लेथवर उभे असतानाच छातीत कळ आली होती. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, वाचले नाहीत.

तीन वर्षं झाली. आज हे पुन्हा लिहायचं कारण, आज नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते टंकलं. संगणकाचं काम शिकवायला जे आले होते ते म्हणाले, हात बसावा म्हणून काहीही टंका, मनातलं काही, नमुना म्हणून. माझ्या मनातलं म्हणजे ती सकाळ. दुसरं काय असणार?

पण सुरुवात नीट करते. नोकरी चांगली आहे. वृद्धांचं निवासस्थान, दोन मजले, बावीस माणसं. मला वर एक खोली दिली आहे, पूर्वेची खिडकी, पलंग, टेबल. खाली जिन्याखालच्या खोलीत कचेरी. तिच्या खिडकीतून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात. माझं काम असं की रोज एकेका आजीआजोबांजवळ बसायचं, त्यांची एक आवडती आठवण ऐकायची आणि निवासाच्या संकेतस्थळावर तिचं एक पान करायचं. परगावच्या मुलाबाळांना वाचायला मिळतं आणि निवासाचं नावही होतं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, मग वाचनालयात. अशा बाईला कुणी लिहायचं काम देईल असं ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते, आणि मग दोन दिवस सगळ्या कारखान्यात सांगत फिरले असते.

शिकवायला आले त्यांना इथे सगळे जाळीवाले म्हणतात, कारण संकेतस्थळाचं सगळं जाळं तेच बघतात. पन्नाशीचे, टक्कल, सतत काहीतरी चघळत असतात. पानं मांडायच्या यंत्रणेला ते सीएमएस म्हणतात, मी फडताळ म्हणते. एका चौकटीत शीर्षक टाकायचं, दुसरीत मजकूर, बटण दाबायचं. बाकीचं फडताळ आपलं आपण करतं: पानाला पत्ता देतं, महिन्याच्या यादीत नाव चढवतं.

मग शोधयंत्राचा एक फिरता वाचक येतो. माणूस नव्हे, कार्यक्रमच. यादीवरून पानापानावर जातो, सगळं वाचतो, घेऊन जातो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना ताई, जाळीवाले म्हणाले, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी त्याच्याकडे जगाची सूची आहे. धंद्यात त्याला कोळी म्हणतात. मी विचारलं, मासे धरणारा की भिंतीवरचा? ते म्हणाले, जाळं दोघांचंही असतं.

आधीच्या बाईंनी फडताळात एका चौकटीत खूण करून ठेवली होती, 'शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ वाचू नये'. वर्षभर कोळी दारातूनच परत जात होता. जाळीवाल्यांनी हसत हसत ती खूण काढली. त्या बाईंचं काय झालं विचारलं, तर म्हणे एक दिवस आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, कोणतं काम?

माझं नमुन्याचं पान मी "दुसऱ्या दिवशी" इथपर्यंत टंकलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बहिणीलासुद्धा नाही. लाज वाटावी असं काही नाही त्यात. पण ते माझं आहे. जाळीवाले म्हणाले, असू द्या अर्धंच, कोण येतंय तिथे. त्यांनी बटण दाबून दाखवलं.

चार मिनिटांत पानासमोर शब्द आला. मी बघतच राहिले. ह्यांच्या पानासमोर लिहिलं होतं: वाचले.

४ तारीख, मंगळवार

आज पहिलं खरं पान, शिंपीआजोबांचं. ऐंशीच्या पुढचे, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटाला अजून. हात रिकामे राहत नाहीत, सगळ्यांच्या उशांचे अभ्रे हेच शिवतात. मला बघून म्हणाले की माझ्या ब्लाउजची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा बोट लांब आहे, आणि हे त्यांना रात्री झोपू देणार नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी नवा झगा हवा होता आणि घरात कापड नव्हतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेल्या सात रंगांच्या चिंध्या जोडून त्यांनी झगा शिवला. आतून एक चोरखिसा ठेवला, कारण मुलीचा दुधाचा दात हलत होता आणि तो शाळेत पडला तर हरवू नये. दात तिसऱ्या तासाला पडला. खिशातून घरी आला. हे सांगताना ते स्वतःच्या सदऱ्याला आतून चाचपत होते.

मी ऐकलं तसंच उतरवलं. संध्याकाळच्या आत: वाचले.

७ तारीख, शुक्रवार

चार पानं झाली. व्यवस्थापक खूश आहेत. मोठ्या आवाजाचे, स्वच्छ कपड्यांचे गृहस्थ, दर वाक्याला टाळीसाठी हात पुढे करतात.

मला आता फडताळाचा क्रम कळला. 'वाचले' म्हणजे कोळी वाचून गेला एवढंच. सूचीत घ्यायचं की नाही ते तो मागाहून ठरवतो. आमच्यासारख्या लहान जागेला त्याच्याकडे फार वेळ नसतो, म्हणून रोज फार तर एकच पान, सकाळी दहाच्या ठोक्याला. तेव्हा 'वाचले' जाऊन तिथे 'सूचीत' येतं. त्यानंतर ते पान जगात कुणालाही सापडतं. ज्याची मागणी जास्त ते पान आधी, असं जाळीवाले म्हणतात.

आज शिंपीआजोबांचं पान सूचीत गेलं. मी शोधून पाहिलं. त्यांचा झगा आला, दोन ओळी आणि पुढे तीन टिंबं. सगळं कधी दाखवत नाही, वाक्य मध्येच तोडतं. तरी मला आनंद झाला. पुड्यांच्या कागदावरही गोष्ट अशीच अर्धी मिळायची.

१० तारीख, सोमवार

काल शिंपीआजोबांची मुलगी आली होती. साठीची बाई. पान वाचून इतकी हरखली होती की तो झगाच पिशवीतून घेऊन आली, इतकी वर्षं जपलेला. आजोबांच्या मांडीवर पसरला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, टाका चांगला आहे म्हणाले, आणि विचारलं की हा कुणी शिवला.

ती हसली. चेष्टा वाटली तिला. मग हसायची थांबली.

सिस्टर म्हणाल्या, वय आहे, आज ना उद्या व्हायचंच. मी आज दुपारी त्यांना ते पान वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं, मान डोलावली. म्हणाले, गोष्ट चांगली आहे, तो बाप हुशार दिसतो.

१२ तारीख, बुधवार

व्हरांड्याच्या टोकाला एक बाक आहे. एक आजी तिथे नऊ वर्षं बसतात, म्हणून त्या बाकआजी. त्यांचा मुलगा अपघातात गेला हे त्यांना माहीत आहे. तरी चार वाजता फाटकाकडे तोंड करून बसायच्या, तो कामावरून सुटायची ती वेळ. गेल्या आठवड्यात त्यांनी मला त्याच्याबद्दल सांगितलं होतं. सायकल शिकताना तो पडला आणि रडायच्या आधी त्याने चेनला तेल आहे का ते पाहिलं, हे सांगताना हसल्या, आणि मग दोघी बसून राहिलो. मला त्या दुपारी बरं वाटलं होतं. दुःखाला दुःख भेटलं की चहा गोड लागतो.

आज सकाळी दहाला त्यांचं पान सूचीत गेलं. आज चार वाजता बाक रिकामा होता. आजी आत बसून पत्ते खेळत होत्या. मी शेजारी जाऊन मुलाचं नाव काढलं. त्यांनी हसून सांगितलं की त्यांना मूलबाळ नाही.

सगळ्यांना आनंद झाला आहे. व्यवस्थापकांनी त्यांच्या सुनेला फोन करून सांगितलं की आजी खुलल्यात. सून फोनवर रडली म्हणे, आनंदाने.

मी मागची सगळी पानं काढून तारखा लावून पाहिल्या. पाच पानं सूचीत. पाच माणसं. वाचल्यावर काही होत नाही. सूचीत गेलं की जातं.

१४ तारीख, शुक्रवार

जाळीवाल्यांना सांगितलं. ते टिंगलीनं हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, ताई, कोळी प्रत नेतो, मूळ नाही. छायाचित्र काढलं म्हणून माणूस कमी होतो का?

मी व्यवस्थापकांकडेही गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं की समजा तुमचं खरं धरलं, तर यात तक्रार कुणाची आहे? आजी जेवतात, झोपतात. दुःख गेलं तर नुकसान काय?

मी पाणी पिऊन उठले.

दुपारी मी शिंपीआजोबांचं पान कायमचं पुसून टाकलं. माझा हिशेब साधा होता. चोराच्या हातातला माल काढून घेतला की तो घरी येतो.

१७ तारीख, सोमवार

नाही आला.

जाळीवाल्यांनी मागाहून समजावलं. पान पुसलं तरी सूचीतली नोंद लगेच जात नाही. कोळी पुन्हा फेरी मारतो, पत्त्यावर पान नाही असं बघतो, आणि मग सूचीतून ती ओळ खोडतो. शनिवारी त्याने खोडली. आता झगा इथेही नाही आणि तिथेही नाही.

आज सकाळी आजोबा पलंगावर सुई घेऊन बसले होते. दोरा ओवत नव्हते. सुईकडे बघत होते, लहान मूल चाव्यांकडे बघतं तसं. अंगुस्तान जमिनीवर पडलं होतं. मी उचलून दिलं तर त्यात पाणी पिता येईल का, असं त्यांनी विचारलं.

हे मी केलं. कोळ्यानं निदान जपून ठेवलं होतं.

व्यवस्थापक रागावले, पण मोजून. माझ्याकडून पुसायची सोय काढून घेतली. मी आता नवीन पान लिहू शकते, आहे ते काढू शकत नाही. जाळीवाल्यांकडून बाहेरून शिरायची वाटही बंद करून घेतली. यापुढे कुणाला काही काढायचं झालं तर कचेरीतल्या यंत्रासमोरच बसावं लागेल.

१९ तारीख, बुधवार

आज ही वही पहिल्यापासून वाचली.

पहिलं पान कुणाचं आहे?

अक्षर माझं. शाई माझी. नळाचा वायसर, बटण, चष्मा. कुणी एक बाई नवऱ्याला निरोप देते. वाचून वाईट वाटलं, पुस्तकातल्या माणसाबद्दल वाटतं तसं. मग लक्षात आलं की ती बाई मी.

कचेरीत जाऊन पाहिलं. नमुन्याचं पान. मी ते विसरूनच गेले होते, पण फडताळानं त्याच दिवशी महिन्याच्या यादीत चढवून ठेवलं होतं. काल सकाळी दहाला: सूचीत.

शोधलं. आलं. "…डोळे घरीच ठेवून निघालो होतो, म्हणाले आणि गेले… दुसऱ्या दिवशी…" पुढे टिंबं.

ट्रंकेत एका माणसाचा फोटो आहे. चष्मा, डावीकडे भांग, हसू दाबून धरलेलं. चेहरा चांगला आहे. हेच ते असणार. नाव मागे लिहिलेलं आहे म्हणून कळलं.

आणि काल रात्री मी आठ तास झोपले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आज स्वयंपाकीणबाईंच्या कुठल्याशा विनोदावर मोठ्यानं हसले. हे सगळ्यात भयंकर आहे. हलकं वाटतंय.

एक उरलं आहे. दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते मला स्वच्छ आठवतं. ते टंकलं नव्हतं म्हणून. पूर्ण घर वाहून जावं आणि एक खुंटी राहावी, आणि तिला त्या माणसाचा शर्ट तेवढा लटकलेला असावा, तसं ते आहे. ह्यांना 'हे' म्हणायचा हक्क मला आता तेवढ्या एका दिवसानं आहे.

२१ तारीख, शुक्रवार

फडताळात एक यादी असते, 'न सापडलेली पानं'. कुणी चुकीचा पत्ता मागितला की तिथे नोंद होते. आज उघडली.

दुसऱ्या-दिवशी.
दुसऱ्या-दिवशी.
दुसऱ्या-दिवशी.

असं पान कुणी केलेलं नाही. कोळी मागतोय. बुधवारी चौदा वेळा. काल नव्वद. आज दुपारपर्यंत मी मोजायचं सोडलं.

जाळीवाले म्हणाले, यंत्रं कधी कधी अंदाजानं पत्ते ठोठावतात. त्यांचं चघळणं मात्र थांबलं होतं.

२४ तारीख, सोमवार

'वाचू नये' ही खूण मी पुन्हा लावली. जाळीवाले म्हणाले, ती विनंती असते, ताई, कुलूप नव्हे. दारावर 'कृपया आत येऊ नये' लिहिल्यासारखी. सभ्य असेल तो मानतो.

तासाभरात मागण्या दुप्पट. संध्याकाळी व्यवस्थापकांनी खूण काढून टाकली. प्रवेशासाठी रांग लागली आहे म्हणाले, इतके शांत म्हातारे दुसरीकडे कुठे नाहीत.

मी नवीन पानं करणार नाही असं सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही, मी करतो. पुढची पाळी सुईणआजींची.

सुईणआजींनी चारशेच्या वर बाळं या हातांनी काढली. बोलणं फटकळ, सिस्टरांनाही नळी कशी धरायची ते शिकवतात. मी त्यांना गाठून सांगितलं, काही सांगू नका त्यांना. त्या म्हणाल्या की व्यवस्थापकांनी परवाच बोलण्यात सगळं काढून घेतलं, त्यांचं स्वतःचं मूलसुद्धा. ते जन्मलं तेव्हा रडलं नाही. एक तास होतं.

मी त्यांना कोळ्याचं सगळं सांगितलं. हसल्या नाहीत. बाकआजींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ते एक तासाचं पोर. बापानंही पाहिलं नाही. मी विसरले तर ते झालंच नाही की गं."

२५ तारीख, मंगळवार

खोटं पान केलं. पत्ता दुसऱ्या-दिवशी. मजकूर: दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे गेले.

दोन मिनिटांत वाचले. मी श्वास सोडला.

मग यादीत नवं नाव. एकाच नावाचं दुसरं पान झालं की फडताळ पुढे आकडा लावतं. कोळी आता तो आकडा लावून मागतोय.

दुसऱ्या-दिवशी-२.

त्याला कळलं. खोटं त्याला नको आहे.

२६ तारीख, बुधवार

सकाळी जिन्यात शिंपीआजोबा भेटले. नमस्कार केला. फार गोड आवाजात विचारलं —

"ताई, दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

मी कठडा धरला. त्यांना स्वतःचं नाव येत नाही. हे कुणी शिकवलं?

जेवणघरात बाकआजी. पत्ते पिसत, माझ्याकडे न बघता. तेच. त्याच आवाजात, तेवढाच थांबा घेऊन.

दुपारपर्यंत सात जण. ज्यांची पानं सूचीत गेली तेच. बाकीचे नाहीत. कुणी दमदाटी करत नाही. विचारतात, उत्तराची वाट बघतात, मिळालं नाही की मान हलवून जातात. थोड्या वेळानं पुन्हा येतात.

सिस्टरांना वाटतं, माझी चेष्टा चालली आहे. म्हणाल्या, लळा लागलाय हो तुमचा.

२७ तारीख, गुरुवार

कचेरीत फोन वाजला. मी घेतला. बाईचा आवाज. आपण पूर्वी इथे कामाला होतो असं लोक सांगतात, म्हणाली. तिला आठवत नाही. एक विचारायचं आहे —

मी ठेवून दिला. पुन्हा वाजला. मी वायर काढली.

बॅग भरली. फाटकापर्यंत गेले. मागे पाहिलं तर खिडकीत सुईणआजी. हात हलवत नव्हत्या. नुसत्या उभ्या.

परत आले. बॅग तशीच आहे.

२८ तारीख, शुक्रवार

व्यवस्थापकांनी सुईणआजींचं पान दुपारी लावलं. तीन मिनिटं. वाचले.

उद्या सकाळी दहाला सूचीत. रांगेत दुसरं काही नाही. ते एकटंच.

मला काढता येत नाही. व्यवस्थापक काढणार नाहीत. पाया पडले, तरी नाही. म्हणाले, म्हातारीला सुखानं जगू द्या.

जाळीवाल्यांना फोन केला. परगावी आहेत. या वेळी हसले नाहीत. त्यांनाही परवा इथे कुणीतरी जिन्यात तेच विचारलं होतं, माझं नाव घेऊन. मी पान कुणाचं ते सांगितलं. मग म्हणाले, मला या जगात त्या बाईनंच आणलंय, ताई. उद्या बारापर्यंत पोहोचतो. यंत्रासमोर बसतो, पान काढतो, मग नोकरी गेली तरी चालेल. सूचीत जायच्या आत काढलं तर त्याला खोडायला काही नसतं. तिचं तिच्याजवळ राहील.

बारापर्यंत. आणि सूची दहाला.

रोज एकच पान. ज्याची मागणी जास्त ते आधी.

मागणी कशाची जास्त आहे ते मला माहीत आहे.

२९ तारीख, शनिवार. सकाळ

साडेनऊ. कचेरीत. दोऱ्यांवर अभ्रे वाळत आहेत. शिवण उसवली आहे, आता कोण शिवणार.

लिहिलं. खरं लिहिलं. पत्ता त्याला हवा तोच, आकड्यासकट. बटण दाबलं.

अर्धा मिनिटही नाही — वाचले.

न सापडलेल्या पानांची यादी थांबली. पहिल्यांदा. बाहेर व्हरांड्यात ते सातजण उभे होते, ते आपापल्या खोल्यांत गेले.

फक्त सुईणआजी आत आल्या. मी काय केलं ते सांगितलं. खुर्ची ओढून जवळ बसल्या, मनगट धरलं, कळा मोजतात तसं. बस, म्हणाल्या, मी आहे दहापर्यंत.

दहाला चार कमी. एकदा माझ्या हातानं इथे लिहिते. उद्या मी हे वाचीन आणि मला पुस्तकातलं वाटेल. तरी असू दे. जाळीवाले, तुम्ही ही वही बघाल तर मला कधीतरी वाचून दाखवा. ट्रंकेतला फोटो जवळ ठेवून वाचा. तो माणूस आमचे हे आहेत. विसरभोळे होते, असं पहिल्या पानावर आहे, आणि दहापर्यंत मला ते नुसतं वाचून नाही, माहीत म्हणून माहीत आहे.

दोन कमी.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले. पिंप भरलं. डबा भरला. झाकणाला रबर लावलं. दवाखान्यातून परत दिलेला चष्मा पुसून डब्यावर ठेवला. मग दार उघडं टाकून जिन्याशी जाऊन उभी राहिले, कारण हे काही ना काही विसरून परत येतात, आणि